उलट्या आट्यांची कुडी

जीवन लग्नाची पत्रिका घेऊन अंगणात आला तेव्हा शकुन झेंडूचे हार ओवत बसली होती. चौदा वर्षांनी धाकट्या दिराचं पाऊल भातकुलीच्या या घराला लागत होतं, आणि तरीही तिच्या हातातली सुई थांबली नाही... एक पिवळं फूल, एक केशरी, पुन्हा एक पिवळं. विजेचं बिल द्यायला कुणी आला असता तरी तिनं याहून जास्त मान वर केली असती. 

"पोरीचं जमलं, वयनी," जीवन उभ्याउभ्याच म्हणाला. "करिश्माचं. तेल्हाऱ्याचे लोक हायेत. हळद, लगन, सारं अकोल्यालेच करून राहिलो."

"चांगलं झालं," शकुन म्हणाली. "बसा."

बसा! ज्याचं नाक पुसून, ज्याच्या केसांना तेल थापून तिनं शाळेत धाडलं, त्या पोराला ती आज 'बसा' म्हणाली. जीवनला तो शब्द गालावर बसल्यासारखा लागला. तो मुकाट्यानं बाजेच्या कडेवर टेकला.

तेवढ्यात विहिरीकडून गोवर्धन आला. शकुनचा नवरा म्हणजे गाईसारखा गरीब माणूस. भावाला पाहून त्याला इतका आनंद झाला, की हातातलं फावडं कुठं ठेवावं हे त्याला सुचेना. त्यानं जीवनला पोटाशी धरलं, पत्रिकेवरचं कुंकू कपाळाला लावलं आणि डोळे पुसत बायकोला म्हणाला, "शकुन, च्या ठेव वो. आपला जीवन आला."

शकुननं चहा ठेवला. पण तो दिला निळ्या फुलांच्या कपबशीत... पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या. फळीवर पितळेचं एक फुलपात्र घासून पुसून पालथं घातलेलं होतं. लहानपणी जीवन त्याच्याशिवाय दूध पीत नसे. चौदा वर्षं ते फुलपात्र रोज घासलं जात होतं आणि रोज पालथं पडत होतं. जीवनची नजर फळीवर गेली, मग हातातल्या कपाकडं वळली, आणि शेवटी जिथं जाऊ नये तिथं, शकुनच्या कानांवर जाऊन थबकली.

डाव्या कानात माणकाची कुडी होती. मधोमध एक टपोरा लाल खडा, भोवती सहा लहान, आणि सोन्याचं जुनं, पिवळंधमक कोंदण. उजव्या कानात कडूलिंबाची काडी.

"वयनी, मी..." जीवन म्हणाला.

पुन्हा हार ओवायला बसलेल्या शकुनची सुई आता मात्र थांबली. चौदा वर्षं ज्या एका वाक्यासाठी तिनं कान दिला होता ते दाराशी आलं होतं. "बोला," ती म्हणाली.

जीवननं कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. "ऊन लई हाये औंदा," तो म्हणाला.

"हाये," शकुन म्हणाली, आणि सुईत पुढचं फूल घातलं.

* * *

शकुन या घरात आली ती एकोणिसाव्या वर्षी. सासू मनकर्णा तरणीताठी असतानाच विधवा झालेली, तीन एकराची बाग एकटीनं ओढणारी बाई. आजूबाजूच्या साऱ्या शिवारात खारं पाणी आणि यांच्या विहिरीला तेवढं गोडं, म्हणून फुलं होत. भल्या पहाटे ती बागेत जाई, आणि घरात उरे आठ वर्षांचा जीवन. नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि त्या दिवसापासून पोरगं तिच्या पदराला चिकटलं ते चिकटलंच. लग्नानंतर चौदा वर्षं शकुनची कूस उजवली नाही. लोक हळहळत, नवस सुचवत; ती मात्र म्हणे, "हाये ना एक लेकरू. त्याचंच खानं पुरत नाई मले." शेवटी लेक चंदन झाला तेव्हा जीवन मिसरूड फुटलेला, अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात शिकणारा बाप्या होता, आणि त्याला तिथं टिकवण्यासाठी शकुन रोज फुलांचं टोपलं घेऊन एस. टी.नं अमरावतीला जाई आणि अंबादेवीच्या रस्त्यावर पोतं अंथरून बसे. चाळीस दिवसांची बाळंतीण असतानाही ती बसली होती. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

आणि कुड्या? त्या या घराच्या कुड्या होत्या. घरची लेक असो की सून, हळदीच्या पाटावर बसली की तिच्या कानांत याच कुड्या; त्या घालायच्या घरातल्या थोरल्या सुवासिनीनं; आणि पाचव्या दिवशी पुन्हा डबीत ठेवायच्या. मनकर्णाबाईनं कुंकू पुसल्यावर त्या अंगाला लावल्या नाहीत, पण सणासुदीला शकुनला मात्र घालायला लावी. त्यात एक गंमत होती. डाव्या कुडीची दांडी एकदा तुटली, ती नवी करताना सोनारानं आटे उलटे पाडले. साऱ्या जगाच्या फिरक्या ज्या बाजूनं सुटतात त्या बाजूनं ही फिरवली की आणखी घट्ट बसायची. सोनार कान धरून बदलून द्यायला तयार होता, पण मनकर्णाबाई हटली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली होती. "घरच्याले ठाव असलं म्हंजे झालं. चोराले सापडू नये."

घरच्या तिघांना ते ठाऊक होतं. सासूला, सुनेला आणि जीवनला. पोळ्याच्या दिवशी शकुनचे हात पुरणात बुडालेले असत, आणि आठ-नऊ वर्षांचा जीवन पाटावर उभा राहून तिच्या कानातली फिरकी बसवी. "उलटी फिरते ते," तो साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगे, "मले ठाव हाये."

मनकर्णाबाई गेली ती अमरावतीच्या दवाखान्यात, दुपारी. गोवर्धन औषध आणायला खाली गेलेला. खाटेजवळ शकुन आणि जीवन दोघंच. म्हातारीनं उशाखालून डबी काढली, शकुनच्या मुठीत कोंबली आणि धाप लागत लागत म्हणाली, "दोन्ही शकुनच्या. तिनं माहं पोर वाढोलं... आयकलं ना रे जीवन?"

"आयकलं, माय," जीवन म्हणाला होता.

वर्षाच्या आत घराची वाटणी झाली. भांडण असं झालंच नव्हतं. जीवनला अकोल्यात बियाणं-खताचं दुकान टाकायचं होतं, त्याची बायको मोनाली अकोल्याची, तिचा जीव तिकडे ओढत होता. गावातले जाणते जानराव मधे बसले, मोनालीचे भाऊ आले. माळ्याची जात हिशेबात पक्की... वावर निम्मं झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, पराती मोजल्या. पाटा एकाकडं आणि वरवंटा दुसऱ्याकडं गेला नाही, हीच देवाची कृपा. मग शकुननं स्वतः उठून डबी आणली आणि सगळ्यांच्या मधे ठेवली.

"या कुड्यांबद्दल म्हातारी काई बोलली होती का?" जानरावांनी विचारलं.

शकुननं जीवनकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं म्हणून त्यानं मान खाली घातली. शेजारी मोनालीचे भाऊ होते, मोनाली होती, जिच्या कानांत याच कुड्या घालून तिला हळद लागली होती आणि जिला या घरातली ही एकच वस्तू मनापासून हवी होती. जीवन शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं रेघ ओढत राहिला.

"मंग एक-एक," जानराव म्हणाले. "बरोबरीचा न्याय."

बरोबरीचा! कानाच्या जोडीची वाटणी करणारं हे पृथ्वीतलावरचं एकमेव घर असेल. एक कुडी कुणाच्या कामाची असते? पण तिथं बसलेल्या एकालाही हसू आलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शकुन का बोलली नाही? तोंड काही शिवलेलं नव्हतं. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं की, दोन्ही माझ्या, माय म्हणाली होती. पण ज्यानं ऐकलं तो समोर बसला असताना आपणच आपली साक्ष द्यायची? ज्याला वाढवलं त्याच्याच समोर, वाढवल्याची मजुरी मागायची? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी... तिला कुड्या नको होत्या हो. तिला तो एक शब्द हवा होता. तो मिळाला असता तर तिनं त्याच क्षणी दोन्ही कुड्या उचलून मोनालीच्या कानात घातल्या असत्या, इतकी ती मानी होती. पण जे आपलं आहे असं कुणी म्हणतच नाही ते द्यायचं तरी कसं?

वाट्याला डावी आली. सगळ्यांच्या देखत तिनं ती डाव्या कानात घातली, अंगणातल्या कडूलिंबाची काडी मोडून उजव्या कानात घातली आणि भाकरी थापायला गेली. त्यानंतर ती कुडी तिच्या कानातून निघाली नाही. ज्याच्या तोंडून शब्द यायचा त्याच्याच हातानं ही निघेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. अंबादेवीच्या रस्त्यावर रोज बेलफुलं नेणारे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शकुनबाई, दुसरी कुडी कुठं?"

"अकोल्याले हाये," शकुन म्हणाली.

चौदा वर्षांत शेकडो लोकांनी विचारलं असेल. उत्तर तेच. ती ते असं ताठ मानेनं सांगे, की विचारणाऱ्यालाच वाटे, दोन्ही कानांत दागिना घालणारी आपणच अडाणी.

* * *

पत्रिका येऊन आठ दिवस झाले आणि एका सकाळी करिश्माच अंबादेवीच्या रस्त्यावर शकुनच्या पोत्यासमोर येऊन उभी राहिली. जीवनची ही लेक नऊ वर्षांची होईपर्यंत शकुनच्याच कुशीत झोपलेली. आता ती कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली उंच, सावळी मुलगी झाली होती; हनुवटी मात्र तीच, मनकर्णाबाईची.

"मोठी माय," ती म्हणाली, आणि फुलांच्या ढिगातच बसली.

शकुनला वाटलं, हिला उरापोटाशी धरावं... पण तिनं फक्त पोतं थोडं सरकवून दिलं. "नवरीनं उन्हात फिरू नये. काहून आली?"

"आई दुसरी कुडी बनवून राहिली. सोनार म्हंते, जुन्या खड्याले नवा खडा लागत नाई, रंग वेगळा दिसते. तरी ते बनवूनच राहिली." करिश्मानं एक फूल उचलून ठेवलं. "मले तशी नाई घालायची. मले घरच्या दोन्ही पाह्यजेत. अन् तुमच्या हातानं."

"मंग आईले सांग."

"सांगतलं. ते म्हंते, त्या बाईले घमेंड हाये, मागाले जाऊ नको." करिश्मानं तिच्या उजव्या कानाकडं बघत विचारलं, "मोठी माय, तुमी ही काडी काहून घालता?"

"तुह्या बापाले इचार."

"इचारलं. ते जेवता जेवता उठून दुकानात गेले."

 म्हणजे टोचतं आहे तर, शकुनच्या मनात आलं. पण टोचून काय उपयोग, काटा बाहेर यायला हवा. ती सावकाश म्हणाली, "मी हळदीले येईन. कुडी कानात घालून येईन. पन काढनार मी नाई. ज्याले काढता येते त्यानं काढावी."

"अन् कोनालेच नाई काढता आली तं?"

अभिमान हा मोठा वाईट धनी आहे; बोलायचं असतं एक आणि तो वदवतो भलतंच. "तं बस मंग एका कुडीनं," शकुन म्हणाली. "मी नाई बसली का चवदा वर्सं?"

 उठताना करिश्मानं वाकून नमस्कार केला, शेवंतीचं एक फूल केसांत खोवलं आणि अकोल्याची बस पकडायला निघून गेली. शकुननं त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना चुकीचे हार दिले.

* * *

हळदीच्या सकाळी गोवर्धन, चंदन आणि शकुन अकोल्याला पोचले. चंदननं बागेतली पहिल्या तोडणीची सारी फुलं आणली होती, आणि मांडवाच्या दारावर झेंडूचं तोरण भातकुलीचंच लागलं. शकुननं हिरवं लुगडं नेसलं होतं. बायकांच्या नजरा तिच्या कानांवरून घसरत होत्या, कुजबुज पिकत होती, आणि ती त्यातून अशी चालत गेली, जशी काही ती कुजबुज म्हणजे वाजंत्री होती.

मोनाली समोर आली. चेहऱ्यावर राग होता, दमणूक होती, आणि लेकीच्या लग्नात असते ती हुरहूरही होती. "या, मोठ्याबाई," ती म्हणाली. "तुमची पोरगी पाहा तुमीच. मी बनवलेली कुडी फेकून देल्ली तिनं. आयकत नाई कोनाचं."

शकुन आतल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

पाटावर करिश्मा बसली होती. पिवळी साडी, कपाळाला मुंडावळी, हातांत हिरवा चुडा. उजव्या कानात माणकाची कुडी लखलखत होती. आणि डाव्या कानात... कडूलिंबाची काडी.

 चौदा वर्षं शकुननं ती काडी मुकुटासारखी मिरवली होती. पण स्वतःचा कान स्वतःला कुठं दिसतो? ती कशी दिसते ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. ते नवरीचं कोवळं, भरलेलं रूप आणि त्यात ती वाळकी काटकी... घरातल्या पोरक्या लेकरासारखी दिसत होती ती पोर. हे मी रोज लोकांना दाखवत होते? माझ्या गोवर्धनाला, माझ्या चंदनला सकाळ-संध्याकाळ हेच दिसत होतं? आणि आता माझ्या एका शब्दानं हे या लेकीच्या कानात उतरलं? हे देवा, माझ्या मानाची किंमत हिनं का द्यावी?

ती पुढं झाली आणि करिश्मासमोर बसली. "काढ ते काडी," ती म्हणाली. "माही कुडी घे, बाई. काढा कोनीतरी."

मोनालीनं हात घातला. फिरकी फिरवली, सगळ्या फिरक्या फिरतात तशी. ती हलली नाही. पुन्हा जोर लावला. शकुनच्या शेजारी बसलेली मोनालीची म्हातारी आत्या, पार्बताबाई, खोबरेल तेल घेऊन आली. कानाच्या पाळीला तेल लावलं, पदराच्या टोकानं धरून फिरवलं. प्रत्येक वेढ्याला कुडी आणखी आत रुतत होती. पाळी लालबुंद झाली. रक्ताचा एक थेंब हिरव्या लुगड्यावर पडला.

शकुनला ठाऊक होतं. तीन शब्द बोलली असती तर संपलं असतं. उलटी फिरवा वो. पण ते तीन शब्द तिच्या ओठांशी येत आणि परत फिरत. कुडी ती द्यायला निघाली होती. मन मोकळं करून, मान बाजूला ठेवून निघाली होती. पण हे वाक्य तिचं नव्हतं. हे ज्याचं होतं तो दाराबाहेर मांडवात हळदीची परात घेऊन उभा होता, आणि त्याला आतलं सारं ऐकू जात होतं. पुन्हा तेच... ती गप्प, तो गप्प, आणि मधे कुड्या.

"हे आता निंगत नाई," पार्बताबाई घाम पुसत म्हणाली. "चवदा वर्सांचं चिकटलं. सोनाराले बोलवा, दांडी कापून टाकू."

"कापा," शकुन म्हणाली, आणि डोळे मिटले.

दाराशी परात खाली ठेवल्याचा आवाज झाला. बायकांच्या हळदीत पुरुषानं येऊ नये. तरी गर्दी बाजूला झाली आणि पन्नाशीला टेकलेला, पांढऱ्या कल्ल्यांचा जीवन आत आला. त्याचे हात हळदीनं पिवळे झालेले होते.

"थांबा," तो म्हणाला. "कापू नका. उलटी फिरते ते."

पार्बताबाई मागं सरकली.

"उलटी फिरते ते," तो पुन्हा म्हणाला, आता अगदी हळू, आणि शकुनच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. "मले ठाव हाये."

त्यानं दोन बोटांत फिरकी धरली आणि उलट्या बाजूनं फिरवली. एक वेढा. दुसरा. तिसऱ्याला ती अलगद निघून त्याच्या पिवळ्या तळहातावर आली. इतकं सोपं होतं ते. कुडी मुठीत धरून जीवननं मान वर केली आणि मांडवाकडं तोंड करून हाक मारली, "जानरावकाका, आत या."

ऐंशीच्या घरातले जानराव काठी टेकत दाराशी आले.

"काका, तुमी तवा इचारलं होतं, म्हातारी काई बोलली का. बोलली होती. माह्या म्होरं बोलली होती. दोन्ही शकुनच्या, तिनं माहं पोर वाढोलं... अन् मी आयकलं म्हनून कबूल केलं होतं." तो थांबला नाही. "त्या दिवशी माह्या सासरचे बसले होते. वाटलं, बायकोचं तोंड पडन. मंग वाटलं, उद्या सांगू. मंग उद्याचा उद्या. दर दिवाळीले ठरवलं अन् दर दिवाळीले भेलो. माह्या वयनीनं एक अक्षर बोललं नाई. मले खोटं पाडता आलं असतं तिले, पाडलं नाई. तिच्या कानात काडी होती ना काका, ते माही लाज होती. ते तिनं सांभाळली."

मोनाली भिंतीला टेकली होती.  "मले कदी सांगतलं नाई तुमी?" ती कशीबशी म्हणाली. "मी या बाईले घमेंडी म्हनत राह्यली. माह्या लेकीले हिच्या घरी जाऊ देल्लं नाई. मले ठाव असतं तं मी हात लावला असता का त्या कुडीले?"

तिनं थेट येऊन शकुनचे पाय धरले. शकुननं तिला वर ओढलं आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की पार्बताबाईला तेलाची वाटी सावरावी लागली.

जानराव दाराच्या चौकटीला हात देऊन उभे होते. "चवदा वर्सं लागली रे बापू तुले," ते म्हणाले. "अन् माहा न्याय बी आंधळाच. जोडी तोडली मी. मले बी माफी दे, शकुन."

शकुननं जीवनकडं पाहिलं. पन्नाशीचा बाप्या, पण तिला दिसत होतं पाटावर उभं राहून ओरडणारं पोरगं. चौदा वर्षं साठवलेलं कितीतरी बोलायचं होतं.  तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं.

"रडू नको," ती म्हणाली. "पोरीची हळद खोळंबली."

मग तिनं करिश्माच्या कानातली काडी काढून खिडकीबाहेर फेकली, जीवनच्या मुठीतली कुडी घेतली आणि थोरल्या सुवासिनीच्या मानानं, साऱ्यांच्या देखत, नवरीच्या कानात घातली. फिरकी जीवननं बसवली. उलटी.

* * *

पाचव्या दिवशी करिश्मा माहेरच्या मूळ घरी आली तेव्हा भातकुलीच्या अंगणात सगळे जमले होते. रिवाजाप्रमाणे तिनं कुड्या काढून डबीत ठेवल्या. जीवननं डबी उचलली आणि दोन्ही हातांनी शकुनपुढं धरली. "घे वयनी. दोन्ही तुह्या."

"माह्या ना?" शकुननं विचारलं. "सारे आयकून राहिले. माह्या?"

"तुमच्याच, मोठ्याबाई," मोनाली म्हणाली.

शकुननं डबी हातात घेतली. तिचा अंगठा त्या लाल खड्यांवरून एकदा फिरला, दवाखान्यातली ती दुपार आठवली, ती धाप आठवली. मग तिनं करिश्माला जवळ ओढलं आणि दोन्ही कुड्या पुन्हा तिच्या कानांत घातल्या.

"आता या डबीत जानार नाईत," ती म्हणाली. "रोज घाल. चंदनची नवरी येईन तवा तू घेऊन येजो, अन् तुह्याच हातानं घालजो तिले. ज्या घरची पोर एका शब्दासाठी काडी घालून हळदीले बसते, त्या घरच्या कुड्या तिच्याचपाशी शोभतात."

"अन् तू, वयनी?" जीवन म्हणाला. "तुहे कान?"

शकुन हसली. "माहे कान भरले रे," ती म्हणाली, आणि आत जाऊन फळीवरचं पितळेचं फुलपात्र सुलटं करून त्यात त्याला चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंबादेवीच्या रस्त्यावर तिच्या जागी बसली होती. दोन्ही कानांत कडूलिंबाच्या ताज्या हिरव्या काड्या. गुरुजी बेलफुलं घ्यायला आले, पैसे देताना त्यांची नजर गेली आणि ते चपापले.

"अहो शकुनबाई, एक होती तीही गेली का?"

"गेली नाई, गुर्जी," शकुननं पुडी बांधत मान ताठ केली. "दोन्ही तेल्हाऱ्याले हायेत. आमच्या पोरीच्या कानात. माह्या होत्या... मी देल्ल्या."